जॉइस ग्रेनफेल : चरित्र व चरित्राचीं साधनें

जॉइस ग्रेनफेल या नांवाची एक इंग्रज विनोदी नटी विसाव्या शतकांत होऊन गेली. या बाई नभोवाणीवर बोलत असत, बोलपटांत कामें करीत, रंगभूमीवरील आपले प्रवेश स्वतः लिहीत, आणि उतारवयांत त्यांनीं लिहिलेलीं पुस्तकेंही लोकप्रिय झालीं. जन्म ता. १० फेब्रुवारी १९१०, मृत्यु ता. ३० नोव्हेंबर १९७९. सनदा, महजर व करीने यांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय या पृष्ठांत परका वाटण्याचा संभव आहे. परंतु बखर खरी कीं समकालीन कागद खरा, हा जो प्रश्न कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड छापल्यापासून आपल्यांत चालत आला आहे, तो या बाईंच्या चरित्रांत जितका स्वच्छ दिसतो तितका पेशवेकालीन पुरुषांच्या चरित्रांत क्वचितच दिसतो. पेशवाईंतील मुत्सद्द्याचीं पत्रें सांपडतात, पण त्यानें स्वतः लिहिलेलें चरित्र सांपडत नाहीं. नाना फडणिसाचें आत्मवृत्त हा अपवाद, आणि तेंही पानिपताशीं येऊन थांबतें. आवाज तर कोणाचाच उरलेला नाहीं. ग्रेनफेलबाईंच्या बाबतींत स्वलिखित चरित्र, रोजचीं पत्रें, युद्धकालीन रोजनिशी, प्रयोगांच्या संहिता आणि प्रत्यक्ष ध्वनि, इतके साक्षीदार एका ठिकाणीं हजर आहेत. त्यांपैकीं कोणास काय विचारावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

घराण्याची हकीकत थोडक्यांत देतों. माहेरचें आडनांव फिप्स. वडील पॉल फिप्स हे शिल्पज्ञ, म्हणजे घरांचे आराखडे करणारे. आई नोरा ही अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांतल्या लँगहॉर्न घराण्यांतील. नोराची बहीण नॅन्सी अ‍ॅस्टर ही १९१९ सालीं ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेंत आसनस्थ झालेली पहिली स्त्री सभासद होय. वडिलांच्या नात्यांत रूथ ड्रेपर ही अमेरिकन नटी होती. ती रंगभूमीवर एकटी उभी राहून अनेक माणसें उभीं करी, आणि जॉइसच्या पुढील कलेचें बीज तिच्यांत शोधण्यास हरकत नाहीं. १९२९ सालीं रेजिनाल्ड ग्रेनफेल यांच्याशीं जॉइसचा विवाह झाला. आई पुढें दुसरा विवाह करून अमेरिकेंत जाऊन राहिली. ही गोष्ट चरित्रकारास कौटुंबिक दुःखाची वाटेल, पण संशोधकास ती उपकारक झाली. आई घरांत असती तर मुलीनें तिला पत्रें कशास लिहिलीं असतीं?

लग्नानंतर बाईंस 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या वृत्तपत्रांत नभोवाणीच्या कार्यक्रमांवर टीका लिहिण्याचें काम मिळालें. त्या पत्राची मालकी अ‍ॅस्टर घराण्याकडे होती. तेव्हां वशिला नव्हताच असें म्हणण्याचें कारण नाहीं, परंतु वशिल्यानें जागा मिळते, कान मिळत नाहीं. घरीं बसून नुसता आवाज ऐकावयाचा आणि त्यावरून बोलणाऱ्याचें गांव, घर, वय व गर्व ओळखावयाचा, ही तालीम बाईंस या टीकालेखनांत झाली असावी असें आमचें मत आहे.

१९३९ च्या आरंभीं स्टीफन पॉटर यांच्या घरीं मेजवानीचा प्रसंग घडला. पॉटर हे ब्रिटिश नभोवाणीचे, म्हणजे बी. बी. सी.चे, लेखक व निर्माते. खेड्यांतील स्त्रियांच्या मंडळापुढें एका बाईनें दिलेलें व्याख्यान ग्रेनफेलबाईंनीं थोड्याच दिवसांपूर्वीं ऐकलें होतें. विषय आपल्याकडे ज्याला टाकाऊपासून टिकाऊ म्हणतात त्या जातीचा, घरांतील निरुपयोगी वस्तूंपासून भेटीच्या वस्तू करण्याचा. बाईंनीं त्या व्याख्यानाची नक्कल करून मंडळींस हंसविलें. मंडळींत हर्बर्ट फार्जन हे नाट्यलेखक होते. त्यांनीं ती नक्कल लिहून काढण्यास सांगितलें, आणि एप्रिल १९३९ मध्यें फार्जन यांच्या 'द लिटल रेव्ह्यू' या लंडनमधील प्रयोगांत ती रंगभूमीवर आली. एकोणतीस वर्षांची ही गृहिणी तोंपर्यंत धंदेवाईक रंगभूमीवर कधीं उभी राहिलेली नव्हती.

संहिताशास्त्राच्या दृष्टीनें हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. कवीनें आधीं लिहिलें व नटांनीं मागून केलें, असें आपण नाटकांविषयीं गृहीत धरतों. येथें आधीं आवाज, मग लेखन, मग प्रयोग असा मार्ग आहे, आणि छापील संग्रह तर पुष्कळ वर्षांनीं, १९७७ मध्यें निघाला. त्यामुळें छापलेल्या पाठास 'मूळ' म्हणणें कठीण आहे. वेदांची पोथी लिहितांना उदात्त-अनुदात्ताच्या खुणा तरी करतात. ग्रेनफेलबाईंच्या पुस्तकांत तशा खुणा नाहींत, आणि त्यांच्या विनोदाचा निम्मा अर्थ स्वरांत आहे.

हा प्रवेशांचा प्रकार आहे तरी कोणता? मराठी वाचकांस 'नाट्यछटा' म्हटलें कीं पुरे. दिवाकरांनीं, म्हणजे कै. शंकर काशीनाथ गर्गे यांनीं, १९११ पासून जो प्रकार आपल्या भाषेंत रूढ केला व ज्याच्या ५१ कृति मागें ठेविल्या, त्यांत एकच माणूस बोलतो आणि त्याच्या बोलण्यावरून समोरचा माणूस, जागा व प्रसंग आपणांस कळतो. दिवाकरांपुढें ब्राउनिंग या इंग्रज कवीचीं एकमुखी काव्यें होतीं. ग्रेनफेलबाईंपुढें ड्रेपर होती. दोघांचा एकमेकांशीं संबंध नाहीं, पण वाट एकच.

संस्कृतज्ञांस याहून जुनी ओळख पटेल. दशरूपककार धनंजयानें रूपकाचे जे दहा प्रकार सांगितले त्यांतील 'भाण' हा एकाच पात्राचा असतो. विट हा रस्त्यानें जातां जातां न दिसणाऱ्या लोकांशीं बोलतो, आणि या युक्तीस 'आकाशभाषित' म्हणतात. १९२२ सालीं 'चतुर्भाणी' या नांवानें चार प्राचीन भाण छापून प्रसिद्ध झाले, त्यांतील श्यामिलकाचा 'पादताडितक' ज्यांनीं वाचला असेल त्यांस वेशवाटेवरील ती गर्दी एकट्या विटाच्या तोंडून कशी उभी राहते तें ठाऊक आहे. परंतु विटाची सोय अशी कीं, तो 'काय म्हणतोस?' असें विचारून समोरच्याचें उत्तर स्वतःच उच्चारून दाखवितो. श्रोत्यास कष्ट नाहींत. ग्रेनफेलबाईंनीं ही सोय बहुतेक टाकून दिली. त्या उत्तराची पुनरुक्ति न करतां उत्तराइतका वेळ थांबतात, आणि पुढील वाक्याच्या सुरावरून उत्तर काय आलें असेल तें श्रोत्यानें ताडावयाचें.

त्यांच्या शिशुवर्गाच्या प्रवेशांत ही युक्ति कळसास पोंचली आहे. शिक्षिका मुलांशीं गोड, उत्साही, पण आंतून दमलेल्या आवाजांत बोलत आहे. मुलें दिसत नाहींत. त्यांत जॉर्ज नांवाचा एक मुलगा आहे. तो कांहीं तरी करीत आहे, आणि बाई त्याला तें करूं नको म्हणून बजावीत आहेत. जॉर्ज काय करतो हें श्रोत्यांस अखेरपर्यंत सांगितलें जात नाहीं. ज्यांनीं उभा जन्म वर्गांत काढला त्या आमच्यासारख्यांस सांगण्याची गरजही नाहीं. या ठिकाणीं विनोद शब्दांत नाहीं, दोन शब्दांमधील विरामांत आहे, आणि छापील पृष्ठावर त्या विरामाच्या जागीं कांहीं टिंबें दिसतात.

सर्व प्रवेश हंसविणारेच आहेत असेंही नाहीं. एकांत वृद्ध पित्याची शुश्रूषा करणारी प्रौढ कन्या आपल्या प्रियकराशीं दूरध्वनीवर बोलत आहे. दूरध्वनि असल्यामुळें एकाच बाजूचें बोलणें ऐकूं येणें येथें स्वाभाविक आहे. आकाशभाषितास यंत्रानें दिलेलें हें नवें निमित्त. या प्रवेशांत श्रोता हंसण्यास येतो आणि हंसूं शकत नाहीं. भाणांत शृंगार व वीर यांची सूचना असावी असें शास्त्रकार म्हणतात. करुणाची गोष्ट त्यांनीं काढलेली नाहीं. बाईंस विनोदी नटी म्हणून एका कप्प्यांत टाकणाऱ्यांनीं हा प्रवेश ऐकावा.

नभोवाणीवर त्यांचें मोठें काम पॉटर यांच्याबरोबरचें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सुरू झालेली 'हाउ' ही त्यांची मालिका वरवर पाहतां उपदेशाची होती. अमुक कसें करावें हें गंभीरपणें शिकवावयाचें आणि शिकवितां शिकवितां शिकविणारांचेंच सोंग काढावयाचें. ता. २९ सप्टेंबर १९४६ रोजीं बी. बी. सी.नें विद्वज्जनांसाठीं 'थर्ड प्रोग्रॅम' नांवाची नवी नभोवाणी चालू केली, तेव्हां तिच्या पहिल्या रात्रीं 'ऐकावें कसें' या विषयावरील याच दोघांचा कार्यक्रम झाला. उच्च संगीत, तत्त्वज्ञान व काव्य यांसाठीं काढलेल्या संस्थेचें मंगलाचरण नकलेनें व्हावें, यांत योजकांची रसिकता दिसते.

मध्यें युद्धाचा काळ. सैनिकांच्या करमणुकीसाठीं 'एन्सा' ही संस्था काढली होती. तिच्यातर्फे १९४४ व १९४५ या सालांत बाई उत्तर आफ्रिका, दक्षिण इटली, मध्यपूर्व व हिंदुस्थान येथें फिरल्या. बरोबर व्हायोला टनर्ड ही पियानो वाजविणारी. मोठी नाटकमंडळी जेथें पोंचणें कठीण अशा लष्करी रुग्णालयांत दोघीच जात, आणि अंथरुणांवरील जखमींपुढें गाणीं व प्रवेश करीत. या प्रवासांत बाईंनीं रोजनिशी ठेविली होती. ती त्यांच्या पश्चात् १९८९ सालीं 'द टाइम ऑफ माय लाइफ' या नांवानें छापली गेली, संपादक जेम्स रूझ-एव्हन्स. १९४६ सालीं बाईंस ओ. बी. ई. हा किताब मिळाला. हिंदुस्थानांतील अखेरच्या इंग्रजी लष्करी दिवसांचें वर्णन इतर अनेकांनीं केलें आहे, पण बहुतेकांनीं तें सेनापतीच्या तंबूंतून केलें. ही रोजनिशी रुग्णालयाच्या खाटेजवळून लिहिलेली आहे, म्हणून आमच्या वाचकांनीं तिच्यांतील हिंदुस्थानाचा भाग अवश्य पाहावा.

युद्धानंतरचा क्रम झपाट्यानें सांगतां येतो. १९४५ त नोएल कॉवर्ड यांच्या 'साय नो मोअर' मध्यें काम, नंतर 'टपेन्स कलर्ड' व 'पेनी प्लेन' हे प्रयोग. १९५४ सालीं लंडनच्या फॉर्च्यून थिएटरांत 'जॉइस ग्रेनफेल रिक्वेस्ट्स द प्लेझर' हा त्यांच्याच नांवाचा प्रयोग झाला, आणि १९५५ त तो न्यूयॉर्कास गेला. पुढें त्या केवळ पियानोवादकास बरोबर घेऊन एकट्याच प्रयोग करूं लागल्या व ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आल्या. त्यांच्या पुष्कळ गाण्यांना रिचर्ड अ‍ॅडिन्सेल यांनीं चाली दिल्या. बोलपटांत 'द हॅपिएस्ट डेज ऑफ युअर लाइफ', 'जेनेव्हिव्ह' व सेंट ट्रिनियन्स शाळेच्या चित्रमालेंतील पोलीसबाई यांमुळें त्यांचा चेहरा जगभर माहीत झाला. तीं कामें गमतीचीं आहेत, पण आम्ही तीं दुय्यम मानतों. तेथें समोरचें पात्र दिसतें, आणि समोरचें पात्र दिसूं लागलें कीं बाईंची अर्धी विद्या रिकामी बसते.

एक काम मात्र चरित्रकार घाईनें ओलांडतात. १९६० सालीं ब्रिटिश सरकारनें नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या भवितव्याचा विचार करण्यासाठीं सर हॅरी पिल्किंग्टन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तींत ग्रेनफेलबाई सभासद होत्या. १९६२ सालच्या अहवालांत जाहिरातींवर चालणाऱ्या दूरचित्रवाणीच्या क्षुल्लकपणावर कडक टीका होती, आणि नवी वाहिनी बी. बी. सी.स द्यावी अशी शिफारस होती. त्याप्रमाणें १९६४ त ती सुरू झाली. नक्कल करणारी बाई अशा समितींत शोभेस बसविली असेल असें म्हणणारे निघतील. ज्या बाईनें नभोवाणीवर टीका लिहिली, मग नभोवाणीवर बोलली, आणि नभोवाणी ऐकण्याच्या रीतीचें विडंबनही केलें, तिच्याहून अधिक अधिकारी सभासद कोठून आणावयाचा होता?

१९७३ सालीं विंडसर किल्ल्यांत राणीसमोर वॉटर्लूच्या मेजवानीचे वेळीं त्यांचा अखेरचा प्रयोग झाला. त्यानंतर एका डोळ्याची दृष्टि गेली, आणि बाई लेखनाकडे वळल्या. येथून पुढें संग्राहकांनीं सावध राहावें, कारण नामसाम्याचा घोळ येथें आहे. 'जॉइस ग्रेनफेल रिक्वेस्ट्स द प्लेझर' हें १९५४ च्या प्रयोगाचें नांव आहे, आणि तेंच १९७६ सालच्या आत्मवृत्ताचें नांव आहे. 'स्टेटली अ‍ॅज अ गॅलियन' हें आधीं गाणें, नंतर १९७८ सालचा संग्रह. 'जॉर्ज, डोन्ट डू दॅट' हें शिशुवर्गांतील पालुपद व १९७७ सालचें पुस्तक. नुसत्या नांवावरून यादी केली तर प्रयोग, गाणें व ग्रंथ एकाच ओळींत येऊन बसतात, आणि मग कोणी तरी आत्मवृत्ताचा काल बावीस वर्षें मागें नेतो. आपल्याकडे एकाच नांवाचे दोन ग्रंथकार एक करून टाकण्याची खोड आहे, ती येथें चालणार नाहीं. आत्मवृत्ताचा पुढील भाग 'इन प्लेझंट प्लेसेस' हा १९७९ त, म्हणजे मृत्यूच्याच वर्षीं निघाला.

आतां मुख्य मुद्दा. १९७६ चें आत्मवृत्त हें आमच्या परिभाषेंत बखर आहे. बखर म्हणजे खोटें असा आमचा अर्थ नाहीं. पॉटर यांच्या घरची मेजवानी त्यांत सदतीस वर्षांनंतर सांगितली आहे, आणि सांगणारी व्यक्ति ऐकणारास केव्हां हंसूं येतें हें जाणण्यांत निष्णात. नटानें वारंवार सांगितलेली गोष्ट नदींतील गोट्याप्रमाणें गुळगुळीत होते. तिचे कोपरे कोठें होते हें पाहावयाचें तर समकालीन कागद हवा. तो सुदैवानें आहे. बाईंनीं अमेरिकेंतील आईस लिहिलेल्या १९३२ ते १९४४ या काळांतील पत्रांची निवड वरील रूझ-एव्हन्स यांनींच 'डार्लिंग मा' या नांवानें १९८८ त प्रसिद्ध केली. १९३९ साल त्या मर्यादेंत येतें. तेव्हां पहिल्या प्रयोगाची हकीकत कोणास लिहावयाची असेल त्यानें बखर बाजूस ठेवून आधीं हीं पत्रें पुढें घ्यावीं.

परंतु अस्सल कागद म्हटल्यानें सर्व शंका मिटत नाहींत. पहिली गोष्ट, दूरदेशीं असलेल्या आईस मुलगी काय कळविते? आईची चिंता वाढेल तें ती दाबते, आणि आई हंसेल तें खुलविते. दुसरी गोष्ट, १९३९ नंतर इंग्लंडांतून बाहेर जाणारें टपाल युद्धकालीन परीक्षकांच्या नजरेखालून जाई, आणि लिहिणारांस तें ठाऊक असे. बाँब कोठें पडले हें पत्रांत न आल्यास ते पडले नाहींत असें अनुमान काढणें भोळेपणाचें होईल. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छापलेलीं पत्रें निवडक आहेत. संपादकानें वाचनीय तेवढें घेतलें. घरखर्च, आजार, कोणाकडे चहास गेलों, कोणाची चाकरी सुटली, असा मजकूर वाचकांस कंटाळवाणा आणि संशोधकास सोन्याचा. राजवाड्यांनीं पत्रांतील मायना व शिरस्त्याचा मजकूरसुद्धां गाळला नाहीं, यासाठीं त्यांस लोकांनीं हंसून घेतलें. ती शिस्त किती मोलाची होती तें निवडक पत्रांचें गोंडस पुस्तक हातीं घेतल्यावर कळतें.

साक्षीदार एकमेकांस पूरक होतात तें अशा ठिकाणीं. बालमैत्रीण व्हर्जिनिया ग्रॅहॅम हिच्याशीं झालेला पत्रव्यवहार 'जॉइस अँड जिनी' या नांवानें १९९७ सालीं जेनी हॅम्प्टन यांनीं संपादिला. आईस जें लिहितां येत नाहीं तें मैत्रिणीस लिहितां येतें. म्हणून ज्या वर्षांचीं दोघींसही लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत, तेथें एकच घटना दोन तऱ्हांनीं कशी सांगितली आहे हें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावें, आणि तिसऱ्या स्तंभांत आत्मवृत्त लिहावें. पेशवे दफ्तरांतील एकाच लढाईचें वर्तमान धन्यास एक व घरीं एक असें लिहिलेलें ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस ही रीत नवीन नाहीं.

मात्र या तिन्ही स्तंभांत बाईंची कला नाहीं. पत्रांवरून प्रयोग केव्हां झाला, किती रंगला, पोटांत किती गोळा आला होता हें कळेल. जॉर्जला बजावतांना आवाज नेमका कितपत चढला तें ध्वनिमुद्रिकेवांचून कळणार नाहीं. आणि ध्वनिमुद्रिका ही सुद्धां एका रात्रीची साक्ष आहे. दुसऱ्या रात्रीं विराम लांबला असेल. कागदावरच श्रद्धा ठेवणाऱ्या आमच्या वर्गानें हें ध्वनीचें साधन अजून पुरतें आपलेंसें केलेलें नाहीं. आमच्या संग्राहकांपैकीं एखाद्याच्या हातीं जुन्या नाटकमंडळींतील नटीचें घरगुती पत्र किंवा तिची तबकडी आली, तर तो ती मोडी फर्मानाइतकी जपेल याची आम्हांस खात्री वाटत नाहीं.

शेवटीं एका छोट्या पुस्तकाचा निर्देश केला पाहिजे. कॅथरिन मूर नांवाच्या लेखिकेशीं ग्रेनफेलबाईंचा १९५७ पासून बाईंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, पत्रव्यवहार चालला. १९८१ सालीं तो 'अ‍ॅन इन्व्हिजिबल फ्रेंडशिप' या नांवानें छापला. 'डार्लिंग मा' मध्यें केवळ मुलीचा पक्ष आहे, आईचीं उत्तरें कल्पनेनें भरावीं लागतात. येथें उभय पक्षांचीं पत्रें आहेत, त्यामुळें कोणत्या प्रश्नास कोणतें उत्तर गेलें तें जुळवितां येतें. या दोघींची प्रत्यक्ष भेट एकदांही झाली नाहीं. दोघी एकमेकींस केवळ अक्षरावरून ओळखत होत्या.